वाय-फायवरून टॉवरवर जाताना कॉल तुटू नये म्हणून: घर आणि दुकानासाठी सविस्तर मार्गदर्शन

इंदूरच्या रामबागेत, नारायणबागेत किंवा राजवाड्यामागच्या गल्ल्यांमधल्या एखाद्या जुन्या दगडी वाड्यात राहणाऱ्या कुटुंबाची मोबाईलबद्दलची तक्रार बहुधा दोन वाक्यांत मावते. आतल्या खोल्यांत रेंज येत नाही, आणि वाय-फायवर बोलत बोलत दाराबाहेर आले की कॉल कट होतो. पहिल्या तक्रारीवरचा उपाय आता पुष्कळांना माहीत आहे. एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू केले, तेव्हापासून घरातल्या ब्रॉडबँडवरून नेहमीच्याच नंबरचे कॉल करता येतात. दुसऱ्या तक्रारीकडे मात्र लोक नशिबाचा भाग म्हणून पाहतात, राउटर बंद-चालू करतात आणि शेवटी वाय-फाय कॉलिंगच बंद करून टाकतात. हे करण्याची गरज नाही. चालू कॉल एका जाळ्यावरून दुसऱ्यावर नेण्याची यंत्रणा फोनमध्ये आणि कंपनीकडे तयार असते. ती फसते ती बहुतेक वेळा आपल्या दाराशी, कारण तेथे वाय-फाय मरायला टेकलेले असते आणि टॉवर अजून नीट पकडलेला नसतो. म्हणून पुढच्या मार्गदर्शनात सेटिंगपेक्षा दाराशी करायच्या मोजमापाला अधिक जागा दिली आहे.

आधी नेमके काय तुटते ते ओळखावे

"नेट बदलताना कॉल तुटतो" या तक्रारीखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. पहिली म्हणजे सिमच्या नंबरवरून डायलरने केलेला कॉल, जो घरात वाय-फायवरून आणि बाहेर व्होल्टीवरून, म्हणजे ४जी टॉवरवरच्या आवाजी कॉलच्या सोयीवरून, चालतो. दुसरी म्हणजे व्हॉट्सॲप, गूगल मीट, झूम यांसारख्या ॲपमधला कॉल, ज्याच्याशी सिमकंपनीचा डेटा पुरवण्यापलीकडे काही संबंध नसतो. तिसरी म्हणजे कॉल सोडून इतर सर्व डेटा: डाउनलोड, बँकेचे पान, कार्यालयाचे व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या जाळ्याशी जोडणारी कूटबद्ध वाट.

यांतला फरक दोन मिनिटांत कळतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, मग फक्त वाय-फाय चालू करावे आणि डायलरवरून एक कॉल लावावा. कॉल लागला तर वाय-फाय कॉलिंग चालू आहे. लागला नाही तर आपण आजवर घरातही टॉवरवरच बोलत होतो आणि दाराशी तुटणाऱ्या कॉलचे कारण वेगळे आहे. ही चाचणी केल्याशिवाय पुढच्या कोणत्याही पायरीवर जाऊ नये, कारण वरच्या पट्टीत वाय-फायचे चिन्ह दिसते म्हणून आपला कॉल वाय-फायवरच चालला आहे, अशी समजूत फार रूढ आहे आणि ती अनेकदा चुकीची असते.

कॉल पलीकडे कसा जातो

वाय-फाय कॉलिंग चालू केलेला फोन इंटरनेटवरून आपल्या सिमकंपनीच्या एका प्रवेशद्वाराचा पत्ता शोधतो. या प्रवेशद्वाराला ईपीडीजी म्हणतात. फोन त्याच्याशी आयपीसेक पद्धतीचे कूटबद्ध टनेल, म्हणजे इंटरनेटमधून जाणारी बंदिस्त वाट, जोडतो आणि आपली ओळख सिममधल्या गुप्त किल्लीच्या आधारे पटवतो. त्यामुळे राउटर कुठल्या कंपनीचा आहे, ब्रॉडबँड कोणाचे आहे, याने काही बिघडत नाही. सार्वजनिक वाय-फायवरही फोनपासून कंपनीपर्यंतचा प्रवास कूटबद्धच असतो.

या टनेलच्या पलीकडच्या टोकाला कंपनीच्या मुख्य जाळ्यातले जे गेटवे, म्हणजे वाहतूक पुढे पाठवणारे यंत्र, असते, तेच व्होल्टी कॉलसाठीही वापरले जाते. फोन वाय-फाय सोडून टॉवरवर येताना नवा कॉल लावत नाही. "मी तोच आहे, माझा जुना पत्ता मला इकडे द्या," अशी मागणी तो ४जीच्या बाजूने करतो, गेटवे तोच आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरचा फोनचा पत्ता, नव्या वाटेला जोडते आणि समोरच्या माणसाला आवाजात फार तर क्षणभराची पोकळी जाणवते. कॉल वाचण्याचे सारे रहस्य या एका पत्त्याच्या टिकण्यात आहे.

यातून दोन गोष्टी ओघाने निघतात. एक म्हणजे, पलीकडे ४जी किंवा त्याहून नवे जाळे असलेच पाहिजे. दाराबाहेर फोनला फक्त २जी मिळत असेल, तर वाय-फायवरचा कॉल सामान्यतः तिकडे नेता येत नाही आणि तो तुटतो. जिओकडे २जी नाहीच. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांच्याकडे आहे, म्हणून त्यांच्या ग्राहकांनी दाराशी फोन ४जीवर आहे की २जीवर घसरला आहे, हे पाहून ठेवावे. दुसरी गोष्ट म्हणजे, ही मागणी करायला फोनला काही सेकंद लागतात आणि तेवढा वेळ वाय-फाय जिवंत असावे लागते. वाय-फाय एकाएकी गेले, तर फोनला आधी ते गेल्याचे समजावे लागते, मग टॉवरकडे धाव घ्यावी लागते, आणि मधल्या काळात कॉल शिल्लक राहील याची खात्री नसते.

फोन आणि सिम: थोडक्यात आवरण्याची पायरी

ज्या सिमवरून बोलायचे त्या सिमसाठी व्होल्टी आणि वाय-फाय कॉलिंग ही दोन्ही बटणे चालू असावीत. दोन सिम असतील तर प्रत्येकाची बटणे वेगळी असतात आणि नेमके दुसऱ्या सिमचे बटण बंद राहिलेले सापडते. आयफोनमध्ये हे बटण सेटिंगमधल्या मोबाईल सेवेच्या पानावर असते. अँड्रॉइडमध्ये नेटवर्क आणि सिमच्या पानावर, आणि सॅमसंगच्या फोनमध्ये डायलरच्या तीन टिंबांमागच्या सेटिंगमध्येही. जाळ्याचा पसंतीचा प्रकार २जी किंवा ३जीवर अडकवून ठेवलेला नसावा. बॅटरी वाचवण्यासाठी कोणीतरी केव्हातरी तसे करून ठेवलेले असते.

सिम फार जुने, ३जीच्या आधीच्या काळातले असेल तर ते कंपनीच्या दुकानातून बदलून घ्यावे, कारण या टनेलमधली ओळख पटवण्याची पद्धत नव्या सिमवरच चालते. परदेशातून आणलेल्या हँडसेटमध्ये बटणच दिसत नसेल तर ते मॉडेल आपल्या कंपनीने या सेवेसाठी मान्य केलेले नसण्याची शक्यता मोठी असते, आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

काही फोनमध्ये "वाय-फायला प्राधान्य" आणि "मोबाईल जाळ्याला प्राधान्य" असा पर्याय असतो. घरात रेंज दुबळी असेल तर पहिला निवडावा. रेंज चांगली आहे पण टॉवरवर गर्दी असते, तेव्हाही पहिलाच. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते त्या दिवशी किंवा अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे देखाव्यांचे रथ, निघतात तेव्हा राजवाड्याच्या आसपास फोनमध्ये सगळे दांडे भरलेले दिसतात आणि तरी कॉल लागत नाही, कारण दांडे सिग्नलची ताकद दाखवतात, टॉवरवर जागा शिल्लक आहे की नाही हे दाखवत नाहीत. मोबाईलला प्राधान्य दिलेला फोन अशा वेळी त्या भरलेल्या टॉवरलाच चिकटून राहतो. त्या रात्री घरात वाय-फायवर सुरू झालेला कॉल बाहेर गर्दीत नेला तर त्या टॉवरने त्याला जागा द्यावी लागते आणि ती नसेल तर कॉल तुटतो. असा कॉल घरातच पूर्ण करावा. यावर दुसरा इलाज ग्राहकाच्या हाती नाही.

दाराशी मोजमाप

आता मुख्य कामाकडे वळू. घरातून बाहेर पडण्याचे जितके मार्ग असतील, म्हणजे पुढचे दार, मागचा जिना, गाडी ठेवण्याची जागा, गच्ची, त्या प्रत्येकावर फोन घेऊन सावकाश चालावे आणि दोन आकडे टिपावेत: वाय-फायचा सिग्नल किती आणि मोबाईलचा सिग्नल किती. दोन्ही डीबीएम या एककात मोजतात, दोन्ही उणे असतात, आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला.

अँड्रॉइडवर वाय-फायचा आकडा दाखवणारी विश्लेषक ॲप सहज मिळतात आणि मोबाईलचा आकडा बहुतेक फोनमध्ये "फोनविषयी" या पानावरच्या सिम स्थितीत दिसतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* हे डायल केले की चाचणीचे पान उघडते आणि त्यात ४जीचा आकडा मिळतो. वाय-फायसाठी ॲपलचेच एअरपोर्ट युटिलिटी ॲप घेऊन फोनच्या सेटिंगमध्ये त्यातला स्कॅनर चालू करावा लागतो. फोन हातात धरण्याऐवजी कानाला लावला की डोके आणि तळहात यांमुळे सिग्नल आणखी खाली येतो, म्हणून टिपलेला आकडा थोडा आशावादी आहे असेच धरून चालावे.

वाचताना हे प्रमाण मनात असावे. वाय-फायवर बोलण्यासाठी उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून चांगला सिग्नल हवा, असे जाळे उभारणारे तंत्रज्ञ सामान्यतः धरतात. उणे ७५च्या खाली आवाज तुटू लागण्याची शक्यता वाढते, आणि उणे ८०च्या पुढे वाय-फायचे चिन्ह दिसत असले तरी बोलण्याच्या कामाचे ते राहिलेले नसते. ४जीचा आकडा उणे १००च्या आत असेल तर निश्चिंत राहावे, उणे ११०च्या आसपास काठावर, आणि उणे ११५च्या पलीकडे भरवसा ठेवू नये.

या आकड्यांत शोधायचा आहे तो सामाईक पट्टा, म्हणजे घराच्या कडेची ती जागा जिथे वाय-फाय अजून उणे ७५पेक्षा चांगले आहे आणि ४जीही उणे ११०पेक्षा चांगले झालेले आहे. माणूस साधारण चालीने सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास जातो. फोनला ठरवायला आणि टनेलमधून बाहेर पडायला पाच-सहा सेकंद द्यायचे, तर हा पट्टा सात-आठ मीटर रुंद असायला हवा. अंगण, ओसरी किंवा बोळ एवढ्या लांबीचा असला की काम निभते. पट्टा दोनच पावलांचा असेल किंवा नसेलच, तर जगातला सर्वांत महाग फोनही कॉल वाचवू शकणार नाही.

माळव्यातल्या जुन्या बांधकामात हा पट्टा नसण्याची दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले असे की राउटर आतल्या खोलीत, केबलवाल्याने तार जिथे आणून सोडली तिथेच, भिंतीला टांगलेला असतो. दीड-दोन फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंतीमागून वाय-फाय चौकापर्यंत येईस्तोवर थकून जाते, आणि चौकात ४जी अजून आलेले नसते. मध्ये दोन्हींपासून वंचित असा एक कोपरा उरतो. दुसरे कारण याच्या अगदी उलट आणि नव्या वसाहतींत, सुदामानगर किंवा विजयनगरकडच्या घरांत अधिक दिसणारे: राउटर रस्त्याकडच्या खोलीत असतो, त्याचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल फाटकापलीकडे शेजाऱ्याच्या दारापर्यंत रेंगाळतो आणि फोन उणे ८२वरच्या त्या अर्धमेल्या सिग्नलला धरून बसतो. बाहेर ४जी उत्तम असूनही आवाज रोबोटसारखा येतो तो यामुळे. पूर्ण मेलेले वाय-फाय परवडते, कारण फोन ते निमूटपणे सोडतो. असे अर्धमेले वाय-फायच सर्वांत जास्त कॉल खाते.

लिफ्टबद्दल वेगळे सांगायला नको. त्या लोखंडी पेटीत दोन्ही सिग्नल एकदमच जातात, आणि जिथे दुसरे जाळेच नाही तिथे कॉल कुठे नेणार?

राउटरची जागा आणि दुसरा राउटर

पहिल्या प्रकारच्या घरात वाय-फाय दाराकडे न्यावे लागते. राउटर बाहेरच्या खोलीत हलवता आला तर उत्तम. तो हलत नसेल तर नेटवर्क केबल ओढून दाराजवळ दुसरा राउटर लावावा. बिनतारी रिपीटर हा स्वस्त मार्ग आहे, परंतु तो त्याच हवेतून सिग्नल घेतो आणि त्याच हवेतून पुढे देतो, त्यामुळे बोलण्यासाठी लागणारी नियमितता त्याच्यातून गेल्यावर कमी होते. जिन्याच्या कडेने किंवा जुन्या विजेच्या पट्टीतून एक केबल नेण्याचा त्रास एकदाच होतो. माझे मत विचाराल तर रिपीटर फक्त भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला हात लावू देत नाहीत तिथे वापरावा.

दुसरा राउटर लावताना एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. तो नवा राउटर म्हणूनच जोडला जातो, स्वतःचे वेगळे पत्ते वाटू लागतो आणि खालच्या मजल्यावरून वर जाताना फोनचा पत्ता बदलतो. पत्ता बदलला की वाय-फाय कॉलचे टनेल डळमळते, आणि घराबाहेर पाऊलही न टाकता कॉल तुटतो. म्हणून दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवावा, म्हणजे तो स्वतः पत्ते न वाटता फक्त वाय-फाय पुरवतो. तो मोड नसेल तर त्याची पत्तेवाटप सेवा, म्हणजे डीएचसीपी, बंद करून केबल त्याच्या लॅन खाचेत लावावी. दोन्हींचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एकच असावा, मात्र २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल वेगळे असावेत: एकावर १ असेल तर दुसऱ्यावर ६ किंवा ११.

राउटरमध्ये ८०२.११के आणि ८०२.११व्ही हे पर्याय दिसले तर चालू करावेत. ते फोनला शेजारचा चांगला ॲक्सेस पॉइंट सुचवतात. ८०२.११आर हा पर्याय बदल अधिक जलद करतो, पण काही जुनी उपकरणे तो चालू असताना जोडलीच जात नाहीत, म्हणून तो चालू करून घरातले प्रत्येक उपकरण तपासावे आणि कोणी रुसले तर बंद करावा. आयफोन आपल्या ॲक्सेस पॉइंटचा सिग्नल उणे ७०च्या खाली गेला की दुसरा शोधू लागतो, असे ॲपल सांगते. दोन ॲक्सेस पॉइंटमधले अंतर ठरवताना हा आकडा उपयोगी पडतो: पहिला उणे ७०वर येतो तिथे दुसऱ्याचा सिग्नल त्याच्याहून ठळकपणे चांगला मिळाला पाहिजे.

दुसऱ्या प्रकारच्या घरात, म्हणजे जिथे वाय-फाय रस्त्यावर रेंगाळते तिथे, २.४ गिगाहर्ट्झची प्रक्षेपणशक्ती कमी करावी. बऱ्याच राउटरमध्ये ती "उच्च, मध्यम, कमी" अशी निवडता येते. शक्ती वाढवली की सगळे सुधारते हा समज टिकणारा नाही. राउटरचा आवाज फोनपर्यंत मोठ्याने पोहोचतो, पण फोनचा बारीक आवाज राउटरपर्यंत पोहोचत नाही, आणि कॉलमध्ये दोन्ही बाजू लागतात. काही राउटरमध्ये ठरावीक सिग्नलखालच्या फोनला हाकलून देण्याची सोय असते. ती मी तरी बोलण्याच्या जाळ्यावर लावणार नाही, कारण ती फोनला तयारीचा वेळ न देता दार लावून घेते.

राउटरच्या आतले चार बदल

वाय-फाय कॉलला वेग फार थोडा लागतो. आवाजाचे पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, दर २० मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला ५०, अशा ठेक्याने जातात आणि पाच मिनिटांच्या बोलण्याला पाच एमबीच्या आतच डेटा पुरतो. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३००चा केल्याने कॉल सुधारत नाही. त्याला हवा असतो तो ठेका न चुकण्याचा भरवसा, आणि तो चुकवणारी मोठी गोष्ट म्हणजे अपलोडची रांग. घरात कोणाच्या फोनमधून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढू लागले की राउटरच्या दाराशी पॅकेटची गर्दी होते आणि आवाजाचे पॅकेट मागे अडकते. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम ही रांग आवरणारी सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवावी.

वायरलेसच्या पानावर डब्ल्यूएमएम चालू असल्याची खात्री करावी. आवाजाला रांगेत पुढे जागा देणारी सोय तीच आहे.

ईपीडीजीचे टनेल यूडीपी या वाहतूक-पद्धतीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टवरून, म्हणजे क्रमांकित दारांतून, जाते. राउटरची फायरवॉल "उच्च" पातळीवर असेल तर ती हे पोर्ट अडवू शकते, म्हणून ती मध्यम करावी आणि आयपीसेक पासथ्रू चालू ठेवावे. दुकान, कार्यालय, वसतिगृह अशा ठिकाणच्या वाय-फायवर इंटरनेट उत्तम चालते आणि वाय-फाय कॉलिंग कधीच चालत नाही, तेव्हा तिथल्या व्यवस्थापकाने हेच पोर्ट बंद ठेवलेले असण्याचा संभव असतो. त्याला एवढे दोन आकडे सांगितले तरी पुरे.

फोनमध्ये जाहिराती अडवणारे किंवा परदेशातला पत्ता दाखवणारे व्हीपीएन असेल तर चाचणीपुरते बंद करून पाहावे. असे व्हीपीएन असताना काही कंपन्यांची वाय-फाय कॉलिंग नोंदणी होत नाही.

वीज गेल्यावर

उन्हाळ्यातल्या भारनियमनात किंवा पावसाळ्यातल्या पहिल्या वादळात दिवे गेले की राउटर तत्क्षणी मरतो आणि वाय-फायवरचा कॉल सामाईक पट्ट्याशिवायच उघड्यावर पडतो. घराला इन्व्हर्टर असेल तर राउटरबरोबर फायबरचे मोडेमही त्याच्या जोडणीवर घ्यावे. अनेक घरांत राउटर इन्व्हर्टरवर आणि मोडेम थेट वाहिनीवर असते, ज्यामुळे दिवे गेल्यावर वाय-फाय दिसते पण इंटरनेट नसते. हा अर्धमेल्या वाय-फायचाच एक प्रकार आहे, आणि फोनला ते ओळखायला अधिक वेळ लागतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारे छोटे यूपीएस घ्यावे, मात्र घेण्याआधी दोन्ही डब्यांच्या ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून पाहावेत. १२ व्होल्टच्या डब्याला ९ व्होल्ट दिले तर तो मधूनमधून बंद-चालू होत राहतो आणि दोष ब्रॉडबँडवाल्याच्या माथी जातो.

ॲपमधले कॉल आणि इतर डेटा

व्हॉट्सॲप किंवा मीटच्या कॉलला सिमकंपनीचे गेटवे सांभाळत नाही. वाय-फाय सोडताना फोनचा आयपी पत्ता खरोखरच बदलतो आणि ॲपला नवी वाट स्वतः शोधून कॉल पुन्हा जोडावा लागतो. चांगली ॲप हे दोन-चार सेकंदांत करतात, तेवढा वेळ "पुन्हा जोडत आहे" असे दिसते. यासाठी एकच अट आहे, आणि ज्येष्ठांच्या फोनमध्ये ती हटकून मोडलेली असते: मोबाईल डेटा चालू असला पाहिजे. डेटा उगाच खर्च होऊ नये म्हणून घरात आल्यावर आजी-आजोबा तो बंद करतात, आणि मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलत फाटकाशी आले की चित्र गोठते. डायलरवरचा व्होल्टी कॉल सहसा डेटा बंद असतानाही चालतो. ॲपचा चालत नाही.

अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत "मोबाईल डेटा नेहमी सक्रिय" असा एक पर्याय असतो. तो चालू ठेवला की वाय-फाय असतानाही मोबाईलची वाट तयार राहते आणि बदल लवकर होतो. बॅटरी किंचित जास्त लागते. वाय-फाय दुबळे झाले की आपोआप डेटावर जाण्याची सोय निरनिराळ्या फोनमध्ये निरनिराळ्या नावांनी असते. आयफोनमध्ये ती वाय-फाय असिस्ट या नावाने मोबाईल डेटाच्या पानावर अगदी तळाशी आहे. तिच्यामुळे डेटा खर्च होतो, परंतु रोजच्या मर्यादेचा मोठा प्लॅन असणाऱ्याने ती बंद ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

ब्राउझरमध्ये आणि गूगलच्या सेवांमध्ये वापरली जाणारी क्विक ही पद्धत, जी मे २०२१मध्ये प्रमाणित झाली, जोडणीला आयपी पत्त्याऐवजी स्वतंत्र ओळखक्रमांक देते, त्यामुळे पत्ता बदलला तरी जोडणी टिकवण्याची सोय तिच्यात आहे. ॲपलने मल्टिपाथ टीसीपी हा दोन वाटा एकाच वेळी वापरणारा प्रकार २०१३मध्ये आयओएस ७पासून सिरीसाठी वापरात आणला. मात्र साध्या टीसीपीवर, म्हणजे इंटरनेटच्या नेहमीच्या जोडणी-पद्धतीवर, चालणारे पुष्कळ काही अजून शिल्लक आहे आणि तिथे पत्ता बदलला की जोडणी तुटते. बँकेचे पान अशा वेळी लॉगिन पुन्हा मागू शकते. यूपीआयने पैसे पाठवत असताना दाराबाहेर पडू नये. पडलोच आणि व्यवहार "प्रलंबित" दिसला तर दुसऱ्यांदा पैसे न पाठवता आधी त्या व्यवहाराची स्थिती पाहावी.

घरून काम करणाऱ्यांसाठी व्हीपीएनचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. वायरगार्ड, किंवा मोबाईक ही जोड असलेले आयकेईव्ही२, पत्ता बदलला तरी टिकून राहतात. इतर काही प्रकारांत पुन्हा लॉगिन करावे लागते. हे कार्यालयाच्या तंत्रज्ञाला विचारण्यासारखे आहे. ब्रॉडबँड गेल्यावर सिमच्या डोंगलवर आपोआप जाणारा राउटर घेणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की तो इंटरनेट परत आणून देतो, चालू असलेली जोडणी वाचवत नाही.

चाचणी चालत चालत घ्यावी

बदल केल्यावर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वेगळ्या ठिकाणाहून फोनवर घ्यावे आणि त्याला सावकाश, एकसारख्या लयीत एकपासून शंभरपर्यंत आकडे म्हणायला सांगावेत. आपण राउटरजवळून निघून नेहमीच्या चालीने दाराबाहेर पन्नास पावले जावे आणि तसेच परत यावे. कोणता आकडा गळला आणि तो कुठे गळला हे कागदावर लिहावे. एखादा आकडा अर्धवट ऐकू आला तर बदल व्यवस्थित झाला असे समजावे. चार-पाच आकडे गळून कॉल टिकला तर सामाईक पट्टा अरुंद आहे. कॉल दर वेळी एकाच जागी तुटला तर त्या जागेचे दोन्ही सिग्नल पुन्हा मोजावेत, आणि जागा दर वेळी बदलत असेल तर अपलोडच्या रांगेकडे किंवा विजेकडे पाहावे.

परतीची चाल वेगळी तपासावी, कारण ती अनेकदा अधिक कठीण असते. बाहेरून वाड्यात शिरताना ४जी दगडी दरवाजाखालीच कोसळते आणि फोनला वाय-फायशी जोडून, टनेल उभे करून, मग कॉल तिकडे न्यायचा असतो. दाराजवळचा ॲक्सेस पॉइंट खरा उपयोगी पडतो तो इथे. तोही नसेल आणि बसवता येत नसेल तर आत शिरण्याआधी उंबरठ्याबाहेर काही सेकंद थांबण्याची सवय लावणे एवढेच उरते.

तातडीच्या ११२ क्रमांकासाठी मात्र शक्य असेल तर टॉवरच्या रेंजमध्ये येऊन फोन करावा आणि पत्ता तोंडाने सांगावा. वाय-फायवरच्या कॉलमध्ये टॉवरवरून ठिकाण कळण्याची सोय राहत नाही.

कंपनीकडे जायचे तर कागद घेऊन जावे

मोजमाप ठीक आहे, पट्टा रुंद आहे, एअरप्लेन मोडमध्ये कॉल लागतो आणि तरीही बदलताना कॉल तुटतो, अशा वेळी दोष कंपनीच्या बाजूला असण्याचा संभव असतो आणि तक्रार करणे योग्य ठरते. ग्राहक सेवेला "रेंज नाही" एवढेच सांगितले तर फोन बंद-चालू करा हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी कॉलची तारीख आणि वेळ, तुटण्याची जागा, त्या जागेचे वाय-फाय आणि ४जीचे आकडे, हँडसेटचे मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि ब्रॉडबँड कोणाचे, एवढे लिहून द्यावे. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये *#*#४६३६#*#* डायल केल्यावर आयएमएस, म्हणजे व्होल्टी आणि वाय-फाय कॉल चालवणाऱ्या सेवेची, स्थिती दिसते. तिथे नोंदणी झालेली नसेल किंवा वाय-फायवरील आवाजापुढे "अनुपलब्ध" असे येत असेल, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट जोडावा आणि आपल्या नंबरवर ही सेवा त्यांच्या बाजूने सुरू आहे की नाही, हे तपासायला सांगावे. तोच हँडसेट ठेवून घरातले दुसऱ्या कंपनीचे सिम त्यात घालून घेतलेली एक चाचणीही जोडली, तर दोष हँडसेटचा की सिमचा हा वाद पहिल्याच फोनवर मिटतो. तक्रार क्रमांक मागून घ्यावा, आणि दिलेल्या मुदतीत काही झाले नाही तर त्याच क्रमांकाच्या आधारे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे.